बंद पाकिटातला वास

६ जानेवारी

प्रिय वहिनी,

लागले एकदाची नोकरीला. प्रयोगशाळेतली तपासनीस म्हणून. सासरचं आडनाव लावलंय. नवरा सोडून गेला, पण आडनाव ठेवून गेला, ते आज पहिल्यांदा उपयोगी पडलं. त्या आडनावामागे दादाची बहीण आहे हे इथे कोणाच्या स्वप्नातही येणार नाही.

पत्र मुद्दाम तुझ्या शिवणाच्या दुकानाच्या पत्त्यावर टाकतेय. फोन नको. तुमच्या त्या दीड खोलीत कुजबुजलेलंही दादाला ऐकू जातं, आणि त्याने चार शब्द विचारले की तुला खोटं बोलता येत नाही.

आज साहेबाला पाहिलं. केस पांढरे झालेत, गाल भरलेत, चष्मा महागातला. बाकी तोच. कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, म्हणजे मालक असूनही हा कामाचा माणूस, असं लोकांना वाटावं. "तुमच्यासारखी शिकलेली माणसं हवीत आम्हाला," असं म्हणून त्याने हात पुढे केला. मी दिला. आत जाताना सगळ्यांना हात धुवावे लागतात, मी मात्र कातडी लाल होईपर्यंत धुतले.

कारखाना त्याचा स्वतःचा आहे आता. जुन्या ठिकाणी तो नुसता व्यवस्थापक होता. एका टोकाला कोंबड्या आत येतात, मग बर्फाच्या पाण्याचे हौद, कापायची लांब टेबलं, पांढरे गमबूट घातलेल्या बायका, पाकिटं बांधायचं यंत्र, आणि शेवटी शीतगृह. ते जाड दार मी हात लावून बघितलं. अशाच एका दारासाठी दादाला तुरुंगात घातलं ना. वसतिगृहातली मुलं चिकन खाऊन आजारी पडली, त्यातली एक मुलगी गेली, आणि याने न्यायालयात शांतपणे सांगितलं की शीतगृहाच्या माणसाने सुट्टीच्या दिवशी दार उघडं टाकलं होतं. करून सवरून नामानिराळा. आणि दादा, ज्याने कधी घरातला नळसुद्धा ठिबकत ठेवला नाही, तो दार उघडं टाकणारा ठरला.

मी इथे पगारासाठी आलेली नाही, हे तुला सांगायला नको. दादाला काही कळू देऊ नकोस. की कळवायचं? तू ठरव.

तुझी,
मिरची


१५ जानेवारी

मिरचे,

तुझं पत्र दुकानात आलं तेव्हा मी एका नवरीच्या पोलक्याला हुक लावत होते. वाचता वाचता सुई बोटात गेली. पोलक्यावर रक्ताचा ठिपका पडला, तो धुऊन काढला. मालकीणबाई विचारत होत्या, काय वाईट बातमी आहे का. म्हटलं, नाही, चांगली आहे.

तुझ्या दादाला सांगितलं मी. राहवलं नाही. तो म्हणाला, "तिला म्हणावं, सोडू नकोस त्याला." एवढंच.

त्याचं तसंच चाललंय. सकाळी खिडकीपाशी खुर्ची टाकून बसतो. तुरुंगातून सुटलेल्या माणसाला कामाला कोणी घेत नाही. एका किराणावाल्याने गोदामात घेतलं होतं, पण कोणीतरी त्याच्या कानात कुजबुजलं आणि दुसऱ्या दिवशी त्याने हात जोडले. रात्री झोपायच्या आधी फ्रिजचं दार तीन-तीन वेळा ढकलून बघतो. मी पाठ करून पडलेली असते. बघवत नाही.

मला एकदा नीट समजावून सांग. बंद पाकिटातलं चिकन खराब होतं तरी कसं? आणि लवकर खराब करायचं असेल तर काय करावं लागतं? मी शिवणकाम करणारी बाई, मला समजेल असं सांग. मला त्या माणसाची नाचक्की डोळ्यांपुढे दिसायला हवी. मरण नको मला त्याचं. मरण म्हणजे सुटका.

तुझी वहिनी


२९ जानेवारी

प्रिय वहिनी,

दादा तसं म्हणाला हे वाचून माझं बळ दुप्पट झालं. मला वाटत होतं, तो मला परत बोलावेल.

आता ऐक. चिकन कितीही स्वच्छ कापलं तरी त्याच्यावर डोळ्यांना न दिसणारे जंतू असतातच. त्यांतले बरेचसे हवेवर जगतात. दुकानात ट्रेवर नुसता पातळ प्लास्टिकचा कागद ताणून ठेवलेलं चिकन असतं ना, त्यात हवा जात-येत राहते. म्हणून ते आधी चिकट होतं आणि मग वास मारायला लागतं. पाकिटातली सगळी हवा खेचून घेतली की त्या जंतूंचा गळा आवळला जातो आणि माल कितीतरी जास्त टिकतो. पण दोन अटी आहेत. गारवा बर्फाच्या जवळपास हवा आणि कधीही तुटायला नको. आणि पाकिटात घालताना माल ताजा हवा. पाकीट म्हातारपण थांबवतं, तारुण्य परत देत नाही.

अजून एक गोष्ट. वास मारणारे जंतू वेगळे आणि माणसाला आडवं करणारे वेगळे. वास येणारं चिकन एका अर्थी प्रामाणिक असतं, ते स्वतःच सांगतं की मला खाऊ नका. जीव घेणारं बऱ्याचदा गप्प असतं.

साहेब सध्या याच पाकिटांवर उड्या मारतोय. शहरातल्या सगळ्या इस्पितळांच्या खानावळींचं कंत्राट त्याला हवंय. मार्चमध्ये त्यांची खरेदीची माणसं येणार आहेत. त्यांच्यासमोर शीतगृहात मुरलेली पाकिटं उघडून दाखवायची आणि म्हणायचं, बघा, किती दिवसांचं आहे आणि अजून कसं ताजं आहे. पाहुणे, वार्ताहर, फोटो, सगळा थाट.

त्या पाकिटांच्या जोडावर सुईचं एक टोक पुरे. डोळ्यांना दिसणारही नाही. हवा आत शिरेल आणि बाकीचं काम जंतू करतील. साहेब कात्री चालवेल आणि सगळ्यांसमोर त्याचं नाक कापलं जाईल. त्याच्याच हाताने.

शीतगृहावर एक वयस्कर गृहस्थ आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. एका कानाने ऐकू येत नाही. मी आत गेले की स्वतःचा जाड कोट काढून माझ्या खांद्यावर टाकतात आणि म्हणतात, बाई, दार लावून घ्या.

तुझी,
मिरची


८ फेब्रुवारी

मिरचे,

तुझं पत्र मी इतक्यांदा वाचलं की घड्या फाटायला आल्या. सुई म्हणालीस, तर आमच्या दुकानातल्या सगळ्यांत बारीक सुया या पत्रासोबत पाठवतेय. मणी ओवायच्या आहेत. याहून बारीक मिळत नाहीत.

फक्त एक सुचवते. नुसता वास कशाला? शिजवून खाऊ घाल ना त्यांना, पाहुण्यांना आणि त्यालाही. वसतिगृहातली मुलं जशी पोट धरून लोळत होती तसा तोही लोळू दे. तू म्हणतेस ना, गप्प बसणारे जंतू असतात. तसलं काही तुमच्या प्रयोगशाळेत असेलच.

तुझ्या दादालाही हे पटतंय.

वहिनी


१७ फेब्रुवारी

वहिनी,

सुया मिळाल्या. त्या परत पाठवतेय.

कोणी काही खाणार नाही. तू हे लिहिलंस तेव्हा तुझं डोकं ठिकाणावर नव्हतं असं मी धरून चालते. त्या पाहुण्यांनी आपलं काय वाकडं केलंय? उद्या कोणाचा तरी दादा त्यासाठी तुरुंगात जाईल. आणि तो कोण, ते मला काल कळलं.

दुकानांतून न खपलेले ट्रे परत येतात, ते फेकायचे असतात. मागच्या आठवड्यात मी एका संध्याकाळी थांबले होते. मागच्या खोलीत तो माल औषधाच्या पाण्यात धुवून, पुसून, हवा काढलेल्या पाकिटांत भरत होते. वर नवी तारीख. धुतल्याने वास जातो, चिकटपणा जातो. बंद पाकिटाला बाहेरून काही कळत नाही. साहेब स्वतः उभा होता, बाह्या दुमडून. वहिनी, वसतिगृहात हेच गेलं होतं. दार उघडं नव्हतंच. जुन्या मालाला नवं पाकीट चढवलं होतं, बस.

मी त्या मालाला 'तपासणी बाकी' म्हणून अडकवून ठेवलंय. काचेच्या बशीत जंतू उगवायला वेळ लागतो, त्या सबबीवर एक पाकीटही बाहेर जाऊ दिलेलं नाही. साहेब रोज विचारतो, मी रोज हसून सांगते की बशी अजून तयार नाही. तू म्हणशील, तक्रार कर. मागच्या वेळी तपासायला आलेले लोक त्याच्या केबिनमध्ये चहा प्यायले आणि जाताना दादाला घेऊन गेले.

काल साहेबाने मामांना चार लोकांत सुनावलं, "म्हातारपणी दार लावायचं विसरायला लागलात." मामांना अर्धं ऐकूच आलं नाही, ते नुसते मान हलवत राहिले. दार घट्ट लावलेलं होतं, शेवटची मीच बाहेर आले होते. तो आत्तापासून पाया घालून ठेवतोय. कुठे काही उलटलं तर मामांना ढकलायला.

आता सांग, मी पाकिटांना भोकं पाडली तर वास कोणाच्या नावावर जाईल?

मी दुसरा मार्ग शोधतेय.

मिरची


२४ फेब्रुवारी

मिरचे,

मामांची दया आली तुला. चांगलं आहे. आमची कोणाला आली होती?

तुला माहीत नाही, तू तेव्हा सासरी होतीस. दादाला नेलं त्या आठवड्यात मी त्या साहेबाच्या बंगल्यावर गेले होते. फाटकाबाहेर उभी होते, ऊन डोक्यावर. तो गाडीतून उतरला. मी पाया पडले त्याच्या. अजून कोणाला सांगितलेलं नाही हे. त्याने पाय मागे घेतला आणि रखवालदाराला म्हणाला, यांना पाणी द्या. पाणी दिलं त्याने मला! शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

तू दुसरा मार्ग शोधत बस. मार्च उजाडेल, कंत्राट मिळेल, फोटो छापून येईल, आणि मी त्या फोटोवर कात्री ठेवून पोलकी कापीन. तुझा दादाही म्हणतोय की मामा-बिमांचा विचार करू नकोस, जे होईल ते होईल.

वहिनी


१२ मार्च

वहिनी,

झालं. काल झालं.

साहेबाने मला आदल्या दिवशी बोलावून सांगितलं होतं की दाखवायची पाकिटं शीतगृहात वरच्या फळीवर वेगळी ठेवली आहेत, तीच आणायची. ती खरी ताजी भरलेली होती. खालच्या फळ्यांवर मी अडकवून ठेवलेला धुतलेला माल होता. हा कार्यक्रम आटोपला की तो इस्पितळांना पहिल्या खेपेला जाणार, असं तो स्वतःच म्हणाला.

मी खालच्या फळीवरची पाकिटं उचलली. बस, एवढंच केलं. सुई नाही, भोक नाही, काही नाही. त्याने जे आजारी माणसांना खाऊ घालायचं ठरवलं होतं तेच त्याच्या पुढ्यात नेऊन ठेवलं.

त्याआधी पाहुण्यांना कारखाना दाखवायचं काम माझ्याकडे होतं. खरेदीच्या प्रमुख एक उंच, कमी बोलणाऱ्या बाई आहेत. शीतगृहापाशी मी त्यांना म्हटलं, सगळा खेळ या दाराचा आहे, याची किल्ली कोणाकडे असते ते साहेबांनाच विचारा. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. आणि साहेब फुगला. म्हणाला, "किल्ली माझ्याकडे. माझ्या परवानगीशिवाय हे दार उघडत नाही. आतला गारवा मी स्वतः रोज बघतो." वार्ताहरांनी लिहून घेतलं. माझं अर्धं काम तिथेच झालं.

मग वरच्या खोलीत, पांढऱ्या चादरीच्या टेबलावर, त्याने पहिलं पाकीट कापलं. वास आला. मागच्या रांगेपर्यंत गेला. साहेब हसला. म्हणाला, घाबरू नका, हवा काढलेल्या पाकिटात वास कोंडतो, उघड्यावर ठेवलं की थोड्या वेळात उडून जातो. वहिनी, हे खरं आहे. ताज्या मालाचं असंच होतं. म्हणून तो निर्धास्त होता. सगळ्यांना म्हणाला, थांबा जरा.

सगळे थांबले. तो यंत्राबद्दल बोलत राहिला. खिडक्या बंद होत्या, खोली उबदार होती. वास उडाला नाही. वाढला. त्याने दुसरं पाकीट कापलं, मग तिसरं. एका वार्ताहराने खिडकी उघडली. त्या बाईंनी नाकाला रुमाल लावला. साहेबाचं बोलणं अडखळलं आणि त्याने माझ्याकडे बघितलं. तेव्हा त्याला कळलं की पाकिटं कुठली आहेत. पण बोलणार काय? ही नाही, ती आणायची होती?

मी विचारलं, "साहेब, अजून थोडं थांबायचं का?"

या एका वाक्यासाठी मी इतकी वर्षं जगले असं मला त्या क्षणी वाटलं.

मग त्याने अपेक्षेप्रमाणे तेच केलं. शीतगृहाचा माणूस म्हातारा झालाय, दार उघडं राहिलं असणार. अगदी तेच शब्द, तोच थंड आवाज. मामा दारात उभे होते. त्या बाई म्हणाल्या, "आत्ताच तर किल्ली तुमच्याकडे होती." कोणीतरी मागे हसलं.

मी म्हटलं, त्याच शीतगृहातली वरच्या फळीवरची पाकिटं आणते. आणली. त्यातलं एक कापलं. तोच कोंडलेला वास आला आणि बघता बघता विरला. मांस गुलाबी, स्वच्छ. दार उघडं राहिलं असतं तर दोन्ही बिघडले असते. दार एक, गारवा एक आणि माल दोन तऱ्हेचे. मग मामा पुढे आले आणि जरा मोठ्यानेच, बहिरी माणसं बोलतात तसे, म्हणाले, "हा धुतलेला माल आहे. मागच्या खोलीत धुतात."

संध्याकाळपर्यंत शीतगृहाला सील लागलं. या वेळी तपासायला आलेल्यांना चहा कोणी विचारला नाही, वार्ताहर फाटकातच उभे होते. साहेबाला गाडीत बसवून नेलं. कारखाना बंद झाला. पांढऱ्या गमबुटांतल्या बायका फाटकाबाहेर उभ्या होत्या, त्यांतली एक मला म्हणाली, तुमचं काय, तुम्ही शिकलेल्या आहात.

आता तू सांग. "मामांचा विचार करू नकोस" असं दादा म्हणाला? ज्याने आपल्या जागी दुसऱ्या कोणाचं नाव घेतलं नाही म्हणून वकिलाच्या शिव्या खाल्ल्या, तो? खरं सांग.

मिरची


२० मार्च

मिरचे,

खरं सांगते. तो काहीच म्हणाला नव्हता. पहिल्या पत्रापासून काहीच नाही. तू तिथे आहेस हेच त्याला माहीत नव्हतं. "सोडू नकोस" मी म्हणाले होते. माझ्या नावाने लिहिलं असतं तर तू दोन महिन्यांत कंटाळून परत आली असतीस, असं वाटलं. वहिनीसाठी कोण एवढं करतं? खोटं बोलता येत नाही म्हणालीस ना मला? तोंडाने येत नाही. लिहिताना येतं.

परवा वर्तमानपत्र घरी आणलं आणि त्याच्यासमोर ठेवलं. सगळं सांगितलं, तुझ्यासकट. त्याने बातमी वाचली. साहेबाचा फोटो होता, त्यावरून त्याची नजर तशीच पुढे गेली. मग त्याने विचारलं, "शीतगृहावर कोण होतं?" मी म्हटलं, मामा म्हणून कोणी आहेत, सुटले ते. "बरं झालं," म्हणाला, आणि उठून चपला घालून बाहेर गेला. एकटा. कितीतरी दिवसांनी. मी खिडकीतून बघत होते. कोपऱ्यापर्यंत गेला आणि तिथे उभा राहिला, नुसता, येणारी-जाणारी माणसं बघत.

मला आनंद झालाय, मिरचे. लाज वाटावी एवढा. ते "अजून थोडं थांबायचं का" मी दुकानात मशीन चालवताना स्वतःशीच म्हणते. पण एक राहिलं. तू त्याला सांगितलंस ना, तू कोणाची बहीण आहेस ते? ते सांगितल्याशिवाय हे अपुरं आहे. त्याला कळायला हवं की हे कोणामुळे झालं. तेव्हा त्याचा चेहरा कसा झाला ते मला लिही. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

वहिनी


२ एप्रिल

प्रिय वहिनी,

रागावले नाही. दादाच्या नावाने लिहिलंस, आणि मी त्या नावावर वाघीण झाले. तुझ्या नावानेही केलं असतं. पण ते मला तेव्हा कळलं असतं की नाही, देव जाणे.

साहेब जामिनावर सुटलाय. परवा केबिनमधलं सामान न्यायला आला होता, पोलिसाच्या देखत. मी पगाराची चौकशी करायला गेले होते. आवारात समोरासमोर आलो. त्याच्या हातात खोकं होतं, त्यात एक कुंडी आणि मुलांचा फोटो. बाह्या दुमडलेल्या नव्हत्या.

तो म्हणाला, मी तुमचं काय वाईट केलं होतं? चांगला पगार दिला, मान दिला.

मी सांगितलं. आधी दादाला जुन्या कारखान्यात ज्या नावाने हाक मारायचे ते सांगितलं, थंडोबा. त्याच्या चेहऱ्यावर काही नाही. मग पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. तो आठवायचा प्रयत्न करत होता, वहिनी. नाटक नव्हतं ते. नाटक मला ओळखता येतं. खोकं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं, कपाळाला आठ्या घातल्या. म्हणाला, "बरीच माणसं होती हो हाताखाली." मग वसतिगृह म्हटलं. तेव्हा त्याच्या डोळ्यांत ओळख आली. "हां, ते दाराचं प्रकरण," म्हणाला. "जर्मन बनावटीचं दार होतं ते. फार महाग."

दार आठवलं त्याला. माणूस आठवला नाही.

तुला चेहरा हवा होता. हा असा होता चेहरा. मी तुला दुसरा काहीतरी लिहून पाठवणार होते, पांढरा पडला, घाम फुटला, असा. पण आपल्या दोघींत आता तसलं पुरे.

मी तिथून निघाले ती थेट वकिलाकडे. त्यांचं म्हणणं, मामांची आणि माझी साक्ष धरून दादाचं जुनं प्रकरण उघडता येईल. निकाल फिरू शकतो. पण दादाला स्वतः यावं लागेल. साहेबासमोर उभं राहून, स्वतःच्या तोंडाने सांगावं लागेल की मी दार लावलं होतं. आपण दोघींनी कितीही केलं तरी ते आपल्याच्याने व्हायचं नाही.

आणि मला तेच हवंय. साहेबाने त्याच्याकडे बघावं, पूर्ण वेळ बघावं, आणि पुन्हा कधी विसरता येऊ नये.

तू दादाला विचार, येशील का म्हणून. आणि या वेळी तो जे म्हणेल तेच लिही. नाही म्हणाला, तरी तेच.

तुझी,
मिरची